थोर गायकांवरचे आपले प्रेम नव्या गळ्याला वाट देते की वाट अडवते?

मानवतकर

गेल्या महिन्यात परभणी जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी लता मंगेशकर यांच्या स्मृतीनिमित्त गाण्यांचा कार्यक्रम होता. मंगल कार्यालय तुडुंब भरले होते आणि उशिरा आलेली मंडळी दाराशी, चपलांच्या ढिगाशेजारी उभी राहून ऐकत होती. दोन गाणी झाल्यावर अठरा-एकोणीस वर्षांच्या एका मुलीने संत जनाबाईंचा अभंग सुरू केला. जनाबाई गंगाखेडच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्याच, आणि अभंगाची चाल त्या मुलीने स्वतः बांधलेली होती. तिचा आवाज काहीसा जाडसर, खालच्या स्वरांत भरून येणारा आहे. चालही तिने त्या आवाजाला शोभेल अशी, जात्यावरच्या ओवीसारखी संथ ठेवली होती. दुसरा चरण चालू असताना पहिल्या रांगेतील एक वयस्कर गृहस्थ उठले आणि अतिशय मायेने म्हणाले, "बाळ, हे आता राहू दे. आज लतादीदींचा दिवस आहे, त्यांचं काहीतरी म्हण." सभागृहाने टाळ्या वाजवून त्यांना दुजोरा दिला आणि अभंग तिथेच थांबला.

मग कुणीतरी मोबाइलवरून कराओके लावला. तो मूळ गाण्याच्या पट्टीत होता. पेटीवाल्याने भाता मिटला, तबलजीने हात मांडीवर ठेवले आणि ती मुलगी आपल्या गळ्याला न झेपणाऱ्या उंचीवर गाऊ लागली. तारसप्तकात आवाज फाटला तेव्हा माझ्या शेजारच्या गृहस्थांनी मान हलवली आणि म्हणाले, "शेवटी लताबाईंची सर कुणाला येणार?"

लताबाईंची गाणी ऐकतच मी लहानाचा मोठा झालो आणि त्यांच्याविषयी माझ्या मनात असलेला आदर कुणाहूनही कमी नाही. तरीही त्या संध्याकाळपासून एक विचार मला स्वस्थ बसू देत नाही. ज्या प्रेमाने आपण त्यांचे स्मरण करतो, त्याच प्रेमाचे माप करून आपण समोर उभ्या असलेल्या, अजून घडत असलेल्या माणसाला मोजतो आणि तो उणा भरला की समाधानाने घरी जातो. आपल्याकडच्या वाद्यवृंदांच्या फलकांवर 'मराठवाड्याचा किशोर' किंवा 'दुसरा रफी' अशी बिरुदे अभिमानाने लिहिलेली असतात. गावोगावची भजनी मंडळेसुद्धा आता हिंदी चित्रपटांच्या चालींवर अभंग म्हणू लागली आहेत.

याच मराठवाड्यात, देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात 'संगीतरत्नाकर' हा ग्रंथ लिहिला. त्यात त्याने गायकांचे पाच प्रकार सांगितले आहेत : शिक्षाकार, अनुकार, रसिक, रंजक आणि भावक. दुसऱ्याच्या गाण्याची नक्कल करतो तो अनुकार. आणि दुसऱ्याने बांधलेल्या चालीत जो केवळ शब्द बसवतो, त्याला त्याने कुट्टिकार असे वेगळे नाव दिले आहे. गायकाचे पंचवीस दोषही त्याने नोंदवले आहेत, अगदी मान उंटासारखी उंचावून गाण्यापासून डोळे मिटून गाण्यापर्यंत. इतक्या बारकाईने गाणे ऐकणारी माणसे आपल्याच भूमीत होऊन गेली. आज आपण गाणे ऐकतो की केवळ ओळखीची खूण पटवून घेतो? माझे मत असे झाले आहे की, आपली भक्ती अनुकारांनाच जगवते आणि स्वतःचे काही घेऊन आलेल्यांना परत पाठवते. आपल्याला काय वाटते, ते जाणून घ्यायला आवडेल.

उदगीरकर

मानवतकर साहेब, आपली तळमळ समजली, परंतु आपला निष्कर्ष मला मान्य नाही. माझे वय आज ऐंशीच्या पुढे आहे, म्हणून थोडे मागचे सांगतो.

१९५५ च्या एप्रिलपासून वर्षभर पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण प्रसारित होत होते, दर आठवड्याला एक याप्रमाणे छप्पन गीते. त्या वेळी आपला मराठवाडा महाराष्ट्रात नव्हता, मुंबई राज्यातही नव्हता. आपण हैदराबाद राज्यात होतो आणि १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यात आलो. निजामाच्या राजवटीत आमच्या वडिलांच्या पिढीचे शिक्षण उर्दूतून झाले होते. आमच्या गल्लीत रेडिओ एकच होता, तोही आडत्याच्या घरी. त्याच्या ओसरीवर आम्ही पोरे पोत्यांवर बसायचो. आवाज कधी यायचा, कधी खरखरीत बुडून जायचा आणि बुडालेली ओळ कोणती असेल यावर मोठी माणसे आठवडाभर वाद घालायची. गदिमा आणि सुधीर फडके ही नावे आम्ही देवाच्या नावांसारखी उच्चारत होतो, हे मला आजही लपवावेसे वाटत नाही. त्या भक्तीने आम्हाला आमची भाषा ऐकायला शिकवले. उरलेल्या महाराष्ट्राशी आमचे नाते कागदावर जुळण्याआधी कानांनी जुळले होते.

दुसरे असे की, भक्ती वाट अडवते हे म्हणणे इतिहासाला धरून नाही. गदगचा एक मुलगा अब्दुल करीम खाँ यांची ध्वनिमुद्रिका ऐकून असा वेडा झाला की १९३३ मध्ये, अकराव्या वर्षी, गुरूच्या शोधात घर सोडून निघाला. ते भीमसेन जोशी. पुढे त्यांनी गुरू सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ १९५३ पासून पुण्यात जो महोत्सव सुरू केला, त्या व्यासपीठावर किती नवे गायक प्रथम लोकांसमोर आले! थोरांच्या स्मरणार्थ भरणाऱ्या मैफली नव्यांच्या मुळावर येतात असे म्हणताना हा महोत्सव आपण विसरलात. स्मृतिसंध्येला येणारा श्रोता त्या व्यक्तीच्या गाण्यांसाठीच येतो, ही अपेक्षा रास्त आहे. दोष असेल तर तो कार्यक्रमाची आखणी करणाऱ्यांचा आहे. त्यासाठी साऱ्या रसिकांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नये.

बीडकर

मी वाद्यवृंदात किशोरकुमारांची गाणी गातो. मानवतकर काकांनी ज्या फलकांचा उल्लेख केला आहे, तसल्या एका फलकावर माझा फोटो आहे, म्हणून हे लिहिणे मला भाग आहे.

लग्नसराईच्या दिवसांत आम्ही एका रात्री एका गावी, दुसऱ्या रात्री दुसऱ्या गावी असतो. याच गाण्यांवर माझ्या बहिणीचे शिक्षण झाले आणि ध्वनिवर्धकाच्या संचाचे कर्ज फिटले. दिवसभर कापूस वेचून आलेली माणसे मांडवाच्या कडेला बसतात आणि ओळखीचे गाणे लागले की त्यांच्या चेहऱ्यावरचा शीण उतरताना मला मंचावरून दिसतो. त्या क्षणी मी अनुकार असेन, पण ते माणूस खरे असते आणि त्याचा आनंदही खरा असतो. किशोरदा स्वतः सुरुवातीला सैगल यांच्या ढंगात गात होते, आणि मुकेश यांचे १९४५ मधले पहिले गाजलेले गाणे अनेकांना सैगल यांचेच वाटले होते. नक्कल ही पहिली पायरी असते. आमच्यासारख्या, घरात गाणे नसलेल्या मुलांना दुसरी पायरी कुठे आहे हे दाखवायला कुणी आलेले नाही, एवढेच.

अंबाजोगाईकर

बीडकर, तुमचा शेवटचा मुद्दा मनाला लागला, आणि मला वाटते या साऱ्या चर्चेतले मूळ दुखणे तिथेच आहे. पंचवीस वर्षे मी मुलींना गाणे शिकवते आहे. मला भेटणारे पालक मुलीला शिकवा असे म्हणत नाहीत. ते एखाद्या गाण्याचे नाव सांगतात आणि ते स्पर्धेपर्यंत बसवून द्या असे म्हणतात. पट्टी कोणती हा प्रश्न मी विचारला की त्यांना तो निरर्थक वाटतो, कारण त्यांच्या लेखी गाण्याची पट्टी गाण्याबरोबरच आलेली असते. प्रत्येक गळ्याचा षड्ज, म्हणजे आधाराचा 'सा', वेगळा असतो. भरदार गळ्याच्या मुलीला उसन्या पट्टीत वर्षभर गायला लावले तर तिचा आवाज घसा दाबून येऊ लागतो आणि ती सवय सोडवताना दोन-दोन वर्षे जातात. हे मी माझ्या वर्गात इतक्या वेळा पाहिले आहे की त्या अभंगाची हकिगत वाचताना माझाच घसा आवळल्यासारखा झाला. गंगूबाई हनगल यांचा आवाज टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर जाड झाला आणि त्याच आवाजात त्यांनी आयुष्यभर गायले. त्यांना कुणी 'बाळ, हे राहू दे' म्हटले असते, तर आपण किती गमावले असते!

तरीही मानवतकर, भक्तीला दोष देणे मला पटत नाही. आपली भक्ती जास्त झाली असे मला वाटतच नाही, ती फार वरवरची आहे असे वाटते. लताबाईंवर प्रेम करणाऱ्या किती जणांनी त्यांचा श्वास ऐकला आहे? मी मुलींना वहीत गाण्याचे शब्द लिहायला लावते, मग गाणे ऐकवते आणि जिथे बाईंनी श्वास घेतला असेल तिथे पेन्सिलने उभी रेघ मारायला सांगते. पहिल्यांदा सगळ्यांच्या रेघा चुकतात, कारण तो श्वास ऐकूच येत नाही. तिसऱ्या-चौथ्या वेळी एखादी मुलगी ओळीच्या मधोमध, अर्थ न तुटता जागा सापडते त्या ठिकाणी, अलगद रेघ मारते आणि तिचे डोळे मोठे होतात. श्वास कुठे आणि कसा घ्यावा हे आपण संगीतकार अनिल विश्वास यांच्याकडून शिकलो, असे लताबाईंनी स्वतः सांगितले आहे. उर्दू उच्चारांविषयी दिलीपकुमार काही बोलले, तेव्हा त्यांनी शिक्षक ठेवून ती भाषा शिकून घेतली. आपल्या मराठवाड्यात शेजारी उर्दू बोलणारा असतो, तरी गझल म्हणणाऱ्या आमच्या मुलींना 'ज' आणि 'ख' चे दोन-दोन उच्चार सांगावे लागतात. जिने इतके कष्ट घेतले तिच्यावर प्रेम करायचे, तर त्या कष्टांवर करावे. असे प्रेम करणारी मुलगी कुणाची नक्कल होऊन राहत नाही, हा माझा अनुभव आहे.

फर्दापूरकर

आमच्या गावावरून अजिंठ्याला जाणारी माणसे मी रोज पाहतो. पहिल्या लेण्यात पद्मपाणीसमोर उभा राहिल्यावर बोलके माणूसही गप्प होते. ते चित्र कुणी काढले हे कुणालाच ठाऊक नाही आणि त्यावाचून कुणाचे काही अडलेले मी पाहिले नाही. सोळाव्या लेण्यात वाकाटकांचा मंत्री वराहदेव याचा दानलेख आहे, म्हणजे पैसे देणाऱ्याचे नाव राहिले. दहाव्या लेण्यात जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने २८ एप्रिल १८१९ या तारखेसह आपले नाव खांबावर कोरून ठेवले, तेही राहिले. रंग भरणारे हात तेवढे निनावी राहिले. कलेवर प्रेम करायला कलावंताचे नाव लागतेच असे नाही, एवढेच मला या चर्चेत सुचवायचे आहे.

उदगीरकर

फर्दापूरकर, आपण जे वर्णन केलेत ते सुंदर आहे. पण त्या चित्रकारांना नाव मिळाले नाही ही हळहळ वाटावी अशी गोष्ट आहे, तिचा आदर्श करू नये. १९४९ साली 'महल' चित्रपटातील ज्या गाण्याने लताबाईंचे भाग्य उजळले, त्याच्या ध्वनिमुद्रिकेवर गायिका म्हणून 'कामिनी' असे छापले होते. ते चित्रपटातल्या पात्राचे नाव होते. गाणे आकाशवाणीवर वाजू लागल्यावर श्रोत्यांनी ही गाणारी कोण असे विचारणारी इतकी पत्रे पाठवली, की खरे नाव जाहीर करावे लागले. ती पत्रे लिहिणारी माणसे आपल्यासारखीच साधी होती. पार्श्वगायकासाठी फिल्मफेअरचा वेगळा पुरस्कार नव्हता, तोही लताबाईंनी आग्रह धरल्यानंतर सुरू झाला आणि पहिला त्यांनाच मिळाला. तेव्हा नावावरचे प्रेम ही हलकी गोष्ट समजू नये. त्या प्रेमाने पडद्यामागे उभ्या असलेल्या माणसाला पुढे आणले आहे.

मात्र अंबाजोगाईकर ताईंचा प्रतिसाद वाचल्यावर माझ्या आधीच्या लेखनात एक भर घालतो. पुढे याच लताबाईंनी नव्या गायिकांना संधी मिळावी म्हणून तो पुरस्कार स्वीकारणे थांबवले. त्यांच्या नावाने भरलेल्या सभेत एका मुलीला अभंगाच्या मध्यावर थांबवले गेले, हे त्यांना आवडले नसते. कार्यक्रमाची आखणी चुकली असेल तर ती आधी किंवा नंतर बोलून दाखवावी. गाणाऱ्याला मध्येच थांबवू नये, या एका बाबतीत मी आपल्याशी पूर्ण सहमत आहे.

नांदेडकर

मला या चर्चेत एका गोष्टीची उणीव जाणवते. आपण सर्व जण दूरच्या, मोठ्या झालेल्या माणसांविषयी बोलत आहोत. आमच्या माळेगावच्या यात्रेत तमाशाचे फड उभे राहतात आणि लावणी महोत्सवही होतो. तिथे नाचून-गाऊन थकलेली बाई पुढे कुठे जाते, हे विचारणारा प्रेमी मला क्वचितच भेटला. विठाबाई नारायणगावकर यांचा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झाला होता, तरी त्यांची अखेरची वर्षे हलाखीत गेली आणि २००२ च्या जानेवारीत त्या गेल्या. आता त्यांच्या नावाने शासनाचा जीवनगौरव पुरस्कार आहे. ज्येष्ठ कलावंतांना राज्य शासन महिन्याला पाच हजार रुपये मानधन देते, पण त्यासाठी पुरावे लागतात. आमच्या ओळखीचे एक संबळवादक आयुष्यभर रात्री जागवत राहिले. कार्यक्रमाचे पत्रक, वर्तमानपत्रातले कात्रण किंवा छायाचित्र यांपैकी त्यांच्याकडे काहीच नव्हते. आम्ही चौघांनी मिळून त्यांच्यासाठी जुन्या लग्नांचे फोटो गावोगाव फिरून गोळा केले, कारण वधूवरांच्या मागे कुठेतरी ते संबळ घेऊन उभे दिसतील अशी आशा होती. तीन फोटोंत ते सापडले.

मानवतकर, एक प्रश्न आदरपूर्वक विचारतो. ती मुलगी थांबली तेव्हा आपण सभागृहात होतात. आपण उठून 'अभंग पूर्ण होऊ द्या' असे म्हणालात काय?

मानवतकर

नाही. मी बसून राहिलो. पुढच्या रांगेतले गृहस्थ वयाने मोठे होते, माझ्या थोरल्या भावाचे गुरुजी होते, आणि त्यांचा शब्द भर सभेत खाली पडू देणे मला जमले नाही. घरी परतताना गाडीत मी हेच सर्व मनात बोलत होतो, जे इथे लिहिले. आपला प्रश्न योग्य आहे आणि तो मला आधीच स्वतःला विचारायला हवा होता.

बीडकर, फलकांविषयी मी जे लिहिले त्यात आपल्या पोटाचा विचार नव्हता. आपल्या गाण्याने कुणाचा शीण उतरत असेल तर त्याला मी नक्कल म्हणून बाजूला सारणे बरोबर नाही. परंतु आपण स्वतः कधी एखादी चाल बांधली असेल, तर ती त्या मांडवात एकदा तरी म्हणून पाहावी असे मला मनापासून वाटते, आणि ती ऐकायला मी बीडला येईन.

जिंतूरकर

मांडीवर हात ठेवून बसलेला तो तबलजी मी आहे. चर्चा पहिल्यापासून वाचली. लिहावे की नाही, हे ठरत नव्हते.

त्या दिवशी तिने मला तबला पांढरी चारला, म्हणजे पेटीच्या चौथ्या पांढऱ्या पट्टीच्या सुराला, लावायला सांगितला होता. बायकांच्या गाण्याला इतकी खालची पट्टी आमच्याकडे सहसा कुणी मागत नाही, म्हणून मी दोनदा विचारून खात्री करून घेतली होती आणि तबल्याच्या वाद्यांखालचे लाकडी गठ्ठे वर ठोकून डग्गाही जरा उतरवला होता. अभंग थांबला तेव्हा पहिल्या रांगेतल्या गुरुजींचा मला राग आला नाही, कारण त्यांचे डोळे भरलेले होते. त्यांची पत्नी लताबाईंची गाणी म्हणत असे आणि ती दोन वर्षांपूर्वी गेली, हे मला ठाऊक होते. त्यांना गाणे ऐकायचे नव्हते असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय करणारे होईल. मात्र कराओके लावण्याची गरज नव्हती. मला कुणी सांगितले असते, तर तेच गाणे तिच्या पट्टीत मी आणि पेटीवाल्याने जमेल तसे धरले असते.

परवा एकादशीला गंगाखेडजवळच्या एका खेड्यात, मारुतीच्या देवळापुढे, तिचे गाणे होते. समोर तीस-चाळीस माणसे होती, बहुतेक बायका. तिने तोच अभंग घेतला आणि या वेळी तो शेवटच्या चरणापर्यंत गेला. तिसऱ्या आवर्तनाला मागच्या बायकांनी धृपद उचलले. त्या चाल ऐकून शिकल्या की ती त्यांना आधीच कुठेतरी ठाऊक होती, ते मला सांगता येणार नाही. जाताना एका आजीने तिला तेवढीच ओळ पुन्हा म्हणायला लावली आणि स्वतः म्हणून पाहिली.

शेवटी कुणीही फर्माईश केलेली नसताना तिने लताबाईंचे तेच गाणे घेतले, त्या दिवशी जे फाटले होते ते. मी हातोडी उचलली, तर तिने मानेने नको म्हटले. तबला पांढरी चारवरच होता.